सीमाभागात पर्यावरणाचे काम करणाऱ्या संस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातून व्हॉट्सअॅपवर, ग्रामसभा संपल्यावर आणि कधी लग्नाच्या पंगतीतही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मराठीत वाचायला मिळणारी संस्थांविषयीची बहुतेक माहिती महाराष्ट्राचे कायदे धरून लिहिलेली असते. आपल्याला कर्नाटकाचे कायदे लागतात. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी पाठवलेला नमुना अर्ज इथल्या कचेरीत चालेलच असे नाही.

१. या संस्था नेमकं करतात काय? आम्हाला तर झाडं लावून फोटो काढलेलेच दिसतात.

फोटो जूनमध्ये निघतात, म्हणून तेच दिसतात. बेळगाव शहरात ग्रीन सेव्हियर्ससारखा गट झाडे लावून ती वाढवतो, प्यास फाउंडेशन जुने तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम करते. गावोगावी याहून लहान, नाव नसलेले गट आहेत. कुठे युवक मंडळ गणपतीनंतर निर्माल्य गोळा करते, कुठे महिला बचत गट ओल्या कचऱ्याचे खत करतो, कुठे चार शेतकरी मिळून नाल्याचा गाळ काढून घेण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. यातले निम्मे काम कागदाचे आणि पाठपुराव्याचे असते, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

एखादी संस्था खरी की दिखाऊ, हे ओळखायचे असेल तर यंदाची लागवड पाहू नका. तीन वर्षांपूर्वी लावलेली जागा दाखवा म्हणावे.

२. नोंदणी केल्याशिवाय काम करता येतं का?

येते. स्वतःच्या शिवारात, गल्लीत किंवा देवळाच्या आवारात पंच कमिटीच्या संमतीने काम करायला कुठलीही नोंदणी लागत नाही. पहिली दोन वर्षे तशीच काढा, असे आम्ही उलट सुचवतो. माणसे टिकतात का, हिशेबावरून भांडणे होतात का, हे तेवढ्यात कळून येते. बँकेत संस्थेच्या नावाने खाते हवे, कंपनीकडून पैसे घ्यायचे किंवा सरकारी खात्याशी करार करायचा, अशी वेळ आली की नोंदणीला पर्याय नाही.

३. नोंदणी कुठे करायची? पुण्याचा भाऊ म्हणतो धर्मादाय आयुक्तांकडे जा.

भावाचे त्याच्या राज्यापुरते बरोबर आहे. कर्नाटकात तीन वाटा आहेत.

पहिली आणि नेहमीची वाट म्हणजे कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६०. किमान सात सभासद, मेमोरँडम (संस्थेची उद्दिष्टे सांगणारा दस्त) आणि नियमावली लागते. नोंदणी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे होते. या कायद्याच्या कलम ३ मध्ये जमीन, वीज, पाणी, वन अशा साधनसंपत्तीचे जतन आणि योग्य वापर हा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे. उद्दिष्टे लिहिताना त्याच शब्दांच्या जवळ राहा.

दुसरी वाट सार्वजनिक ट्रस्टची. ट्रस्ट डीड सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवायचे. दरवर्षीची कटकट कमी, पण सत्ता दोन-तीन विश्वस्तांच्या हाती राहते. गावकामासाठी आम्हाला ही रचना फारशी पटत नाही. तिसरी वाट कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालच्या कंपनीची. तिला सीए आणि खर्च दोन्ही लागतात. मोठ्या कामाशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

४. संस्थेचं नाव मराठी ठेवलं तर चालतं का?

नावाला अडचण नसते. मेमोरँडम आणि नियमावली मात्र कन्नड किंवा इंग्रजीत तयार करून घ्या आणि सभासदांसाठी त्याची मराठी प्रत वेगळी ठेवा. सही करण्याआधी ती मराठी प्रत सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. आपण कशावर सही केली हे सभासदांना ठाऊक नसले की पुढची अर्धी भांडणे तिथेच जन्माला येतात.

५. एकदा नोंदणी झाली की संपलं ना?

नाही. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची, तपासलेला हिशेब मांडायचा आणि कार्यकारिणीची यादी व ताळेबंद निबंधकांकडे दाखल करायचा. चार-पाच वर्षे हे राहून जाते, मग एखादी देणगी दाराशी येते आणि ‘चालू वर्षापर्यंतची कागदपत्रे द्या’ असे पत्र हाती पडते. तेव्हा दंड भरून धावपळ करण्यापेक्षा सभेची तारीख दरवर्षी एकच ठेवा. खानापूर भागात भातकापणी आटोपल्यानंतरचा रविवार सोयीचा पडतो.

६. वर्गणी घेतो, त्याची पावती द्यावीच लागते का? ८०जी म्हणजे काय?

दहा रुपयांची वर्गणी असली तरी पावती द्या. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून संस्थेला जी मान्यता लागते, ती ८०जी. त्याच्या जोडीला संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी १२ए (आता १२एबी) नोंदणी असते. हे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी बोलताना सगळे जुनीच नावे घेतात. अर्ज भरताना नवा क्रमांक सीएकडून तपासून घ्या.

रोख दोन हजार रुपयांवरच्या देणगीला सवलत मिळत नाही. मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयनेच घ्या, ती संस्थेच्या खात्यावर. खजिनदाराच्या फोनवर कधीही घेऊ नका, मग खजिनदार कितीही सज्जन असो.

७. उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांकडून सीएसआर निधी मिळेल का?

कारखाना मोठा असेल तर. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली एखादी मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. बेळगावातल्या बहुतेक फाउंड्री आणि मशीन शॉप या मर्यादेत बसत नाहीत. त्यांच्याकडे निधी मागण्याऐवजी वस्तू किंवा सेवा मागा. लोखंडी ट्री-गार्ड, पाण्याचा टँकर, एका दिवसासाठी जेसीबी अशा गोष्टी ते आनंदाने देतात आणि कागदही कमी लागतात.

मोठ्या कंपनीकडे जायचे तर संस्थेने सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला असावा लागतो. त्यासाठी आधी प्रश्न ६ मधल्या मान्यता हव्यात. प्रस्तावात ‘जनजागृती’ हा शब्द जितका कमी तितके बरे. कुठला तलाव, किती एकर, गाळ कुठे जाणार, तिसऱ्या वर्षी देखभाल कोण करणार, हे लिहा.

८. गावचा मुलगा अमेरिकेत आहे. त्यानं पैसे पाठवले तर गुन्हा होतो म्हणे?

त्याच्याकडे पासपोर्ट कुठला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत मोडत नाहीत. पावतीसोबत त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे कार्ड) असूनही तो कायद्याच्या नजरेत विदेशी स्रोत ठरतो. गावच्या जत्रेला आल्यावर त्याने रुपयांत दिलेले पैसेही विदेशी देणगीच. त्यासाठी २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीला साधारणपणे संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच यावे लागतात.

लहान संस्थेने या वाटेला जाऊच नये, असे आमचे मत आहे. त्या मुलाच्या आईवडिलांनी इथल्या त्यांच्या उत्पन्नातून एक बोअरवेल मोटर घेऊन दिली तर काम भागते.

९. कुठली झाडं लावावीत?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. पण कुठे लावणार हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि अथणीकडे पाचशे-सहाशेवर भागते. एकच यादी दोन्हीकडे कशी चालेल?

जांबोटी, कणकुंबी, लोंढा या मलनाड, म्हणजे डोंगराळ आणि जास्त पावसाच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी झाडे लावायची गरजच नसते. जुनी खोडे आणि बियाणे मातीत असते. गुरे आणि वणवा तीन पावसाळे लांब ठेवले तर ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा आपसूक वर येतात. तिथे पैसा रोपांवर घालू नका, कुंपणावर आणि राखणदारावर घाला. घाटमाथ्यावरच्या उघड्या जांभ्या कातळाच्या सड्यांवर तर खड्डा खणूच नका. ती पडीक जमीन नव्हे. पावसाळ्यात तिथे जी गवते आणि रानफुले येतात ती दुसरीकडे येत नाहीत.

बेळगाव, येळ्ळूर, उचगाव, कडोली भागात करंज, जांभूळ, कडुनिंब, आंबा, फणस, शिवण चांगले येतात. रस्त्याकडेला वड-पिंपळ लावायचा तर दोन झाडांत दहा मीटर अंतर हवे आणि वर विजेची तार नको. तारेखाली लावलेला वड पाच वर्षांनी हेस्कॉमची (वीज कंपनीची) माणसे छाटणार, मग तुम्ही आंदोलन करणार. अंतर आधी मोजलेले बरे. अथणी, रायबाग, सौंदत्तीच्या कोरड्या बाजूला कडुनिंब, बोर, चिंच, बाभूळ.

आकेशिया लावा, लवकर वाढतो, असे सांगणारे भेटतील. लवकर वाढतो हे खरे. त्याच्याखाली गवत नीट येत नाही, गुरे पाला खात नाहीत आणि सरपणापलीकडे गावाला काही मिळत नाही, हेही तितकेच खरे.

१०. रोपं फुकट कुठं मिळतात?

वनखात्याच्या रोपवाटिकेत सवलतीच्या दरात मिळतात. दर पिशवीच्या आकारावर असतो. कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेखाली शेतकऱ्याने आपल्या उताऱ्यावर नोंद करून झाडे लावली तर पुढची तीन वर्षे जगलेल्या रोपामागे टप्प्याटप्प्याने रक्कम मिळते. नोंदणी रेंज फॉरेस्ट ऑफिसात, पावसाआधी. संस्थेने स्वतः रोपे आणून वाटण्यापेक्षा गावातल्या वीस शेतकऱ्यांचे हे अर्ज भरून दिले तर रोपे जास्त जगतात. पैसे जगलेल्या झाडाचे मिळतात, हे कारण पुरेसे आहे.

११. लावलेली निम्मी झाडं उन्हाळ्यात जातात. काय करावं?

कमी लावा. शंभर लावून वीस जगवण्यापेक्षा तीस लावून पंचवीस जगवणे स्वस्त पडते. खड्डे दोन फुटांचे, मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. रोप हातभर नव्हे, कमरेएवढे घ्या. आळ्यात पाल्याचे जाड आच्छादन द्या. फेब्रुवारी ते मे आठवड्याला एक मोठी घागर पाणी बहुतेक देशी रोपांना पुरते. बुडाशी पुरलेल्या सच्छिद्र मडक्यात ओतले तर त्याहून कमी.

पाणी कोण घालणार याची नावे लागवडीच्या आधी कागदावर लिहा. नावे मिळाली नाहीत तर लागवड पुढे ढकला. प्रमुख पाहुणे आधी ठरले म्हणून लागवड होणार असेल तर ती झाडे गेली समजा.

१२. रस्त्याकडेचं झाड तोडताना दिसलं तर लगेच काय करायचं?

परवानगीचे पत्र दाखवा म्हणा. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या, म्हणजे वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. स्वतःच्या जागेतलेही नाही. पत्र नसेल तर रेंज ऑफिसला फोन करा, ठिकाण दिसेल असे फोटो काढा, गाडीचा क्रमांक टिपा. हमरीतुमरीवर येऊ नका, करवत चालवणारा माणूस रोजंदारीवर आलेला असतो.

निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही जातींना या परवानगीतून सूट आहे, म्हणून आधी झाड कोणते ते पाहा. पन्नासपेक्षा जास्त झाडे एकाच कामासाठी जाणार असतील तर जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. संस्थेचे खरे काम त्या टप्प्यावर असते. झाड आडवे पडल्यावर घोषणा देऊन हाती काही लागत नाही.

१३. गावचा तलाव गाळानं भरलाय. जेसीबी आणून काढू का?

थांबा. तलाव कुणाचा, हे आधी उताऱ्यावर पाहा. ४० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव साधारणपणे पंचायत व्यवस्थेकडे आणि त्याहून मोठे लघुपाटबंधारे खात्याकडे असतात. मालक खात्याचे लेखी पत्र हाती येईपर्यंत कुदळही मारू नका. गावकऱ्यांनी चांगल्या मनाने काढलेल्या गाळावरूनही गुन्हे नोंदले जातात, विशेषतः मुरूम बाहेर विकला गेला तर. तो गौण खनिजात मोडतो आणि खाण खाते मध्ये येते.

पत्र मिळाल्यावर गाळ काढण्याआधी पाणी येणाऱ्या ओढ्या-चऱ्या मोकळ्या करा. पाणलोट तुंबलेला असताना तलाव कितीही खोल केला तरी भरत नाही. तळाशी जी चिकट मातीची साय असते ती फोडू नका, नाहीतर पाणी जानेवारीतच जिरून जाईल. चारही बाजूंनी सरळ भिंती बांधून आंघोळीची टाकी करू नका. एक काठ उथळ, गवताचा राहू द्या. पक्षी, बेडूक आणि गुरे तिथूनच उतरतात. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने न्यावा, खेपांची वही एका माणसाकडे असावी.

अतिक्रमण असेल तर त्या वादात संस्थेने मोजणी मागण्यापुरतेच उतरावे. तहसीलदारांकडे अर्ज, सर्व्हेअरकडून हद्द, मग पुढचे. शेजाऱ्याच्या बांधावर स्वतः खुणा रोवायला जाऊ नका.

१४. नदीला फेस येतो, मासे मरतात. पण घाण महाराष्ट्रातून येते. तक्रार कुणाकडे?

दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी या सगळ्या कोल्हापूर जिल्ह्यातून आपल्याकडे येतात. निपाणी, सदलगा, संकेश्वरच्या लोकांचा हा प्रश्न खराच अवघड आहे. घाण सोडणारा तिकडच्या हद्दीत असेल तर कारवाईचा अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कचेरीला. आपले कर्नाटक मंडळ नमुना घेऊन पत्र पाठवू शकते, कारखान्याला टाळे लावू शकत नाही. म्हणून तक्रार एकाच दिवशी दोन्हीकडे द्या आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्या अर्जाचा उल्लेख करा. एवढ्याने ‘तो विषय त्यांचा’ हे उत्तर बंद होते.

तक्रारीत वेळ, पुलाचे किंवा बंधाऱ्याचे नाव, पाण्याचा रंग-वास आणि फोटो असावेत. नमुना घेताना पंचायतीचा एखादा सदस्य साक्षीला ठेवा आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या. बाटलीत भरून दोन दिवस घरात ठेवलेला नमुना कुणी मानत नाही. गळीत हंगामात मळी सुटण्याचे प्रकार बहुधा रात्री होतात. पहाटे नदीवर जाणाऱ्या कोळ्याला किंवा मोटर चालू करणाऱ्या शेतकऱ्याला ते पहिल्यांदा दिसते. त्याचा फोन नंबर तुमच्याकडे असायला हवा.

राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात जायचे तर कर्नाटकातल्या प्रकरणांसाठी चेन्नईचे पीठ आहे, महाराष्ट्रातल्यांसाठी पुण्याचे. घाण जिथे सुटते ती जागा पाहून पीठ ठरवा. कोल्हापूरकडच्या कारखान्याविरुद्ध पुणे आपल्याला जवळही पडते. तक्रारीचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. लवादाला पटले तर आणखी ६० दिवस मिळतात. साध्या अर्जाची फी १,००० रुपये आहे.

१५. सरकारी कचेरीत मराठीत अर्ज दिला तर घेतात का?

राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. अर्ज नाकारला तर हे कलम शांतपणे दाखवा. आता व्यवहाराचे. अर्ज ज्या टेबलावर जाणार तिथल्या माणसाला मराठी वाचता येत नसेल तर तो खालच्या खालीच राहतो. मराठी अर्जामागे कन्नड प्रत जोडा, दोन्हींवर पोच घ्या. यात कुणी हार मानली असे होत नाही, अर्ज मात्र हलतो. उत्तर कन्नडमध्ये येईल, ते वाचणारा सभासद हवाच. (प्रश्न २१ पाहा.)

१६. माहिती अधिकारात काय विचारावं?

कागद मागा, कारणे विचारू नका. ‘नाला साफ का केला नाही?’ याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक नाल्याच्या सफाईची वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक आणि बिलाची प्रत द्या’ याला मिळते. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. फी १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, नंतर पहिले अपील.

१७. गणपतीत पीओपीच्या मूर्तीवरून मंडळांशी भांडण होतं. कसं करावं?

कर्नाटकात पीओपी मूर्तींना २०१६ पासूनच बंदी आहे. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण बेळगावचा गणेशोत्सव लोकमान्यांच्या काळापासूनचा. पोलिसांचा धाक दाखवून मंडळ वळत नाही. घरगुती मूर्तींपासून सुरू करा. मे महिन्यात मूर्तिकारांकडे जाऊन शाडूच्या मूर्तींची आगाऊ मागणी नोंदवा, अनामत द्या. गणपती आठ दिवसांवर आल्यावर ‘शाडूच घ्या’ म्हणून पत्रक वाटून उपयोग नाही, तोवर मूर्ती रंगून बसलेल्या असतात. मातीकामाची परंपरा आपल्या घरात आहे. खानापुरात खादी आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्थाच आहे.

मोठ्या मंडळाला सांगायचे ते इतकेच : उंच मूर्ती कायम ठेवा, पूजेची लहान मातीची मूर्ती विसर्जित करा. काही मंडळांना हे पटते, ते खर्च वाचतो म्हणून. कारण कोणते यावर वाद घालू नका. कपिलेश्वर तलावापाशी निर्माल्य गोळा करायला उभे राहणार असाल तर हारातला दोरा, थर्माकोल आणि प्लास्टिकची फुले तिथल्या तिथे वेगळी करा. मागून वेगळे करायला कुणी येत नाही.

डॉल्बीचा प्रश्न वेगळा आहे. तो पोलिसांचा, संस्थेने एकटीने अंगावर घेऊ नये.

१८. ऊस गेल्यावर पाचट जाळू नका सांगतो, शेतकरी ऐकत नाहीत.

कारण तुम्ही धुराचे सांगता. खताचे सांगा. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते जाळले की जमिनीला मिळणारा सेंद्रिय कर्ब गेला. खोडव्यात पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे, ही राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पाणी कमी लागते, तण कमी येते. पहिल्या वर्षी गावात एकाच शेतकऱ्याच्या एका एकरावर करून दाखवा, तोही असा शेतकरी निवडा ज्याचा ऊस बघायला लोक एरवीही जातात.

१९. प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे की नाही? बाजारात तर सर्रास मिळतात.

आहे. कर्नाटकात मार्च २०१६ पासून, कितीही मायक्रॉनची पिशवी असो. ‘जाड आहे, चालते’ हे दुकानदाराचे म्हणणे केंद्राच्या १२० मायक्रॉनच्या नियमावरून आलेले असते, ते इथे लागू नाही. बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो आणि वेगळा न केलेल्या कचऱ्याचा वास तिथल्या गावांना सोसावा लागतो. शहरातल्या सभासदांना एकदा तिकडे घेऊन जा.

२०. भीमगडच्या बाजूच्या गावांत काम करायचंय. आणि म्हादईवर संस्थेनं काय भूमिका घ्यावी?

भीमगड २०११ साली अभयारण्य झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, बिया टाकायलाही. बारापेडे गुहांत राटन वटवाघूळ राहते, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी जात. शाळेची मुले हौसेने तिथे नेऊ नका. आतल्या वाड्यांच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की संस्थेने गावाच्या वतीने बोलू नये, ‘जावे’ असेही नाही आणि ‘राहावे’ असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे कुठे अडकले ते शोधून देणे, ग्रामसभेचा ठराव नीट लिहून घेणे, एवढे केले तरी खूप.

बाहेरच्या ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी, २००२ च्या कायद्याने. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते. लोकजैवविविधता नोंदवही भरायला मदत करतो असे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) सांगा. जाणत्या म्हाताऱ्यांकडून भाताच्या जुन्या जाती, औषधी झाडे, देवराईतली बंधने लिहून घेण्याचे काम आत्ताच झाले पाहिजे.

म्हादईचे (खानापूरच्या जंगलातून गोव्यात जाणारी नदी) : तिच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यातले मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे पाणी ३.९ टीएमसी, म्हणजे कळसा नाल्यातून १.७२ आणि बंडुरी नाल्यातून २.१८. बाजू घेण्याआधी हे आकडे पाठ हवेत, कारण सभांमध्ये कुणीही काहीही सांगते. खालच्या तालुक्यांना आणि हुबळी-धारवाडला पाणी हवे आहे, खानापूरच्या जंगलातले झरे त्याच्या मुळाशी आहेत. मलप्रभाही कणकुंबीलाच उगम पावते. आमचे मत असे की खानापूरच्या संस्थांनी गावोगावी पर्जन्यमापक बसवून ओढ्यांच्या पाण्याच्या नोंदी ठेवाव्यात. गोवा आणि कर्नाटक दोन्ही सरकारांचे वकील भांडतील, पण तळेवाडीच्या ओढ्याला एप्रिलमध्ये किती पाणी असते हे लिहिलेले कुणाकडेच नसेल तर त्या भांडणात गावाचा आवाज कुठला?

२१. आम्ही मराठी मंडळी. कन्नड सभासद घ्यावेत का? सीमाप्रश्नावर संस्थेनं बोलावं का?

घ्यावेत. बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरचे भात जसे जाते तसेच पुढच्या हलग्याकडचेही. कार्यकारिणीत कन्नडमध्ये मसुदा लिहू शकणारा निदान एक माणूस हवा, तो नुसता पत्रे लिहिण्यापुरता नको, निर्णयातही हवा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सभासदांनी आपापली मते जरूर ठेवावीत, मोर्चालाही जावे, फक्त संस्थेचे लेटरहेड आणि बॅनर घरी ठेवून. नाहीतर तलावाच्या फाइलवर दुसराच शेरा पडतो. निवडणुकीचेही तेच. आचारसंहितेच्या काळात उमेदवाराच्या हस्ते वृक्षारोपण ठेवू नका.

२२. आमच्यात आता कुणी उरलं नाही. संस्था बंद कशी करायची?

सर्वसाधारण सभेत ठराव, देणी फेडणे, निबंधकांना कळवणे. उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, सारख्या उद्दिष्टाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. नेमकी पद्धत तुमच्या नियमावलीत असेल, म्हणून ती आधी काढा. बंद करण्याआधी शेजारच्या गावातल्या गटाला पाण्याची टाकी, पाइप, कुदळी आणि लावलेल्या झाडांची यादी ठिकाणांसह देऊन टाका. बँक खाते सर्वांत शेवटी बंद करा, कारण एखादा चेक नेहमी उशिरा वटतो.